मेस्तांनी न ऐकलेली फळी

मेस्तकाका होडी कानाने बघायचे. डावा कान फळीला लावायचा, उजव्या हाताची बोटे मुडपायची आणि पेरांनी टक, टक करत पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जायचे. होडी बांधणाऱ्या सुताराला आमच्याकडे मेस्त म्हणतात. पेडण्यातल्या आमच्या केरीत ते एकटेच मेस्त होते, म्हणून त्यांचे खरे नाव कुणाच्या तोंडात येत नसे. ते होडी ऐकत असताना कोणी बोलायचे नाही, हा गावचा नियम होता. खोकला आला तर माणूस लांब माडाखाली जाऊन खोकायचा.

मी लहान असताना ते डोळे मिटून ऐकायचे. अलीकडे डोळे उघडे ठेवून समोर उभ्या असलेल्या माणसांकडे बघायचे. कोण कुजबुजतो ते पकडतात, असे मला वाटे आणि मी बाबांच्या पाठीमागे सरकत असे.

एवढ्या होड्या बांधल्या, पण ते स्वतः कधी दर्यावर गेले नाहीत. रापणीचे मोठे जाळे ओढणारे लोक मुद्दाम हाक मारत, "मेस्तानू, एकदा तरी बसा होडयेत!"

"माका उलटी येता," ते म्हणत. "मी तुमका बुडाक देणंय नाय, तां पुरे."

गोवा राज्य झाले त्या वर्षी गावातल्या प्रत्येक सोप्यावर एकच वाद होता, कोकणी की मराठी. मेस्तकाकांना कोणी ओढलेच, तर होडीला तेल चोपडता चोपडता म्हणायचे, "माका फळयेची भास येता, तितकी पुरे." सगळे हसायचे. हल्ली ते उत्तर जरा उशिरा देत. मोठा माणूस विचार करून बोलतो, असे आम्ही समजत होतो.

त्याच पावसात आमच्या होडीचा प्रश्न निघाला. ती मेस्तकाकांनीच माझ्या आजोबांसाठी बांधलेली, काथ्याने शिवलेली होडी. झावळ्यांच्या खोपीत ती पालथी घातली होती. नारळी पौर्णिमेच्या आत काय ते ठरवायला हवे होते. शेजारी म्हणत होते, सरकारी योजनेतून फायबरची घे. बाबा चिडत. "बालदीत बसान दर्यार जाव काय?" जुनीच दुरुस्त करायची, हे त्यांच्या मनात पक्के होते. फक्त मेस्तांनी 'हो' म्हणायला हवे होते.

मेस्तकाका आले. बाबा, मी आणि चार शेजारी गप्प उभे राहिलो. टक, टक, टक. मग बुडापासून तिसऱ्या फळीवर वेगळाच आवाज आला. बद्द. ओल्या पोत्यावर मारावे तसा. माझा चेहरा आपोआप आंबट झाला. मेस्तकाका पुढे सरकले. मी बाबांकडे पाहिले, ते ताठ उभे होते. मला वाटले, मीच चुकीचे ऐकले असेल. घरातून पहिली मी कॉलेजात गेले म्हणून मेस्तांना शिकवायचे का?

"चलतली," मेस्तकाका उठत म्हणाले. "काठाकडच्या चार फळयो बदल, शिवण नवी घाल. आणखी धा वर्सां खंय गेली नाय."

बाबा त्याच दुपारी पेडण्याच्या बाजारातून काथ्या घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हापशाला जायच्या बसची वाट बघत होते. मेस्तकाका छत्री न उघडताच भिजत आले.

"बाय, काल तिसऱ्या फळयेर तुझा तोंड वाकडा कित्याक झाला?"

मी चाचरत काहीतरी बोलले.

"मोठ्यान बोल. माका आयकू येना."

मी ओरडून सांगितले, "आवाज बद्द आला, काका!"

त्यांनी मिटलेली छत्री बगलेत मारली. मग म्हणाले, "दोन वर्सां झाली बाय. फळी काय म्हणता तां माका कळना. मी मालकाचा तोंड बघतंय. फळी कुसकी असली तर मालकाचा तोंड पडता. तुझ्या बापाशीचा हललाच नाय."

माझ्या हातातल्या वह्या चिखलात पडल्या. दोन वर्षे! दोन वर्षे गावातली माणसे आमच्याच चेहऱ्यांच्या भरवशावर दर्यावर जात होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

ते तडक खोपीकडे निघाले, मी मागे धावले. पिशवीतून त्यांनी वाकस काढला, लाकूड तासायचे त्यांचे नेहमीचे हत्यार. एका घावात तो तिसऱ्या फळीत दांड्यापर्यंत घुसला. बाबा घरातून ओरडत आले, "मेस्तानू, ह्या काय?" मेस्तकाकांनी वाकस उपसला. वरून तेलाने चकाकणाऱ्या त्या फळीतून भिजलेला भुसा खाली पडला. बुडाची फळी कुजली म्हणजे होडीच गेली; बाबा तिथेच वाळूत बसले.

तो भुसा मुठीत घेऊन बाबा म्हणाले, "आवाज माकाय आयकू इल्लो."

"मग काल बोलला का नाहीत?" मी विचारले.

"मेस्त आयकत होते, मधीच कसो बोलू? आणि माका ही होडी हवी होती. म्हणान तोंड घट्ट धरून उभो ऱ्हवलंय."

मेस्तकाकांना यातले काही ऐकू आले नसावे. पण ते बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांना सगळे कळले असावे.

पुढचे दोन दिवस ते भर पावसात घरोघर फिरले. दोन वर्षांत ज्या ज्या होडीला 'चलतली' म्हटले होते, तिच्या मालकाला सांगत गेले, "दुसऱ्या गावच्या मेस्ताक दाखव. ती मी आयकलेली नाय." कोणी रागावले, तर एका म्हाताऱ्याने त्यांना बसवून चहा दिला. नंतर ते हळर्णला लेकीकडे कायमचे राहायला गेले. तिथे शेती आहे, दर्या नाही.

त्यांना बसवर सोडायला मी गेले होते. खिडकीतून ते म्हणाले, "तुझा तोंड हलला नसता तर, बाय?" मी काही बोलायच्या आत बस निघाली. बोलले असते तरी त्यांना ऐकू आले नसते. त्यांनी माझा चेहरा तेवढा पाहिला.

बाबा आता फायबरच्या होडीतून जातात. तिच्यावर कुठेही टकटक केले तरी एकच आवाज येतो. वर्गात मी अजून चाचरतेच. पण पहाटे बाबा होडी ढकलायला वाकतात आणि मला लाटेचा आवाज वेगळा वाटतो, तेव्हा मी मोठ्याने सांगते. बहुतेक वेळा ते हसतात. दोनदा मात्र होडी पुन्हा वर ओढून घरी आले आहेत.