चार रिकामी रिळं

शेजारी सुतार प्लायवुड कापतोय, आणि त्या वासानं लातूरच्या घराची मागची खोली आठवली. किल्लारीकडच्या उसाच्या फडात दोन जखमी धामणी सापडल्या होत्या. त्या बऱ्या होईपर्यंत ठेवायला मी आणि एका मित्रानं प्लायच्या दोन पेट्या केल्या. जागा कमी, म्हणून एकीवर एक बसतील अशा. हवेसाठी झाकणांना ड्रिलनं भोकं पाडली, धामणी आत सोडल्या आणि मोठ्या ऐटीत पेटीवर पेटी चढवली. आई शिलाई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. सापाचं नाव ती तोंडानं घेत नसे. "घरात ते लांबडं राहील, न्हाईतर मी," एवढंच सकाळी म्हणाली होती. आम्ही चहा पिऊन आलो तर वरची पेटी थोडी उंच दिसली. चारी कोपऱ्यांखाली दोऱ्याची रिकामी रिळं होती. खालच्या झाकणाची सगळी भोकं आम्हीच वरच्या पेटीनं बुजवली होती. "खालच्याला हवा लागत न्हाई व्हय?" मशीन न थांबवता आई म्हणाली. आम्ही हसलो. ती रिळं सरकवायला तिनं धामण असलेली पेटी एकटीनं चार वेळा उचलली असणार, हे मात्र आज पहिल्यांदा मनात आलं.