‘नमो मारिये’ छापणारी शाळा

मंडळी, फळा, दोन बाकं, बाराखडीचे तक्ते, सगळं मी माझ्या हातानं केलं. आज सकाळी प्रार्थना म्हणून पोरींचं शाळेचं नवं वर्ष घरीच सुरू केलं.

तेवढ्यात मिशन शाळेचे मॅनेजर आले. “थॉमसअण्णा, चौथी शिकलेला माणूस काय शिकवणार? पोरींना शाळेत धाडा.” वर शाळेनं छापलेलं प्रार्थनेचं पुस्तक दिलं.

धाकटीनं पान उघडलं. “अप्पा, ‘नमो मरिये’चं हितं ‘नमो मारिये’ कामून? मारायचं कुणाला?”

मॅनेजर हसले. “एका कान्यानं काय व्हतंय?”

मरियामातेच्या नावातली चूक ज्यांना हसण्यावारी न्यावीशी वाटते, त्यांच्या हाती पोरी द्यायच्या? तुम्हीच सांगा.

जाताना म्हणाले, “शिपाई म्हणून या, पोरी फुकट शिकतील.” मी नको म्हणालो. पगार होता महिना अवघा दीडशे रुपये.