अण्णांच्या गाडीचा मूळ रंग

यातलं किती मला खरोखर आठवतंय आणि किती मी सांगता सांगता जुळवलंय, याची मलाच खात्री नाही. जुनी मोटारसायकल रंगवायला काढली की तिच्यावर रंगाच्या आधी किश्शांचेच थर चढतात. त्यात मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेलं, डॉक्टरेट रंगद्रव्यांवर. घरात रंगाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात आणि मला घाम फुटतो!

गाडी माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची. कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कित्येक वर्षं धूळ खात उभी होती. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, ऑपरेशनची तारीख ठरली आणि ते धास्तावले. "बाळ, डोळ्यांचं काय होईल कोण जाणे. त्याआधी एकदा गाडी तिच्या मूळ रंगात बघू दे."

हातात दीड महिना होता. मूळ रंग गर्द हिरवा, असं अण्णा म्हणत. मलाही अंधुक तसंच आठवत होतं. पण मधे गाडी दोनदा काळी झालेली, आणि जुने फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट!

*

मी शास्त्रीय मार्ग धरला. टाकीचा कोपरा ब्लेडने खरवडला. एक काळा थर गेला, दुसरा गेला, आणि खाली तांबूस रंग लागला. गाडी लाल होती? मग अण्णांची स्मृती गेली, की माझी?

टाकी रिक्षात घालून कसब्यात बबनराव पेंटरांकडे गेलो. त्यांनी चष्मा न लावताच बघितलं.

"सर, हा प्रायमर आहे, रंगाखाली मारतात तो. मूळ रंग कुणीतरी कधीच घासून काढलाय."

मग अगदी अदबीने विचारलं, "आपण कुठे शिकवत होता?"

*

बबनरावांचा एक नियम होता. रंग जुळवायचा तो सकाळी, दुकानाबाहेर, उघड्यावर. एकदा आम्ही दोघं चार वाजता पोचलो.

"उद्या या."

"अहो, एवढं ऊन आहे की!" अण्णा म्हणाले.

"ऊन आहे. पण पिवळं झालंय."

*

स्वारगेटजवळ एका दुकानात कॉम्प्युटरवर रंग बनवून मिळतो, असं कळलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, कलर कोड?"

अण्णा म्हणाले, "मी गाडी घेतली तेव्हा दुकानदाराने एवढंच विचारलं होतं, काळी की हिरवी?"

"पण सर, ग्रीनमध्येच आमच्याकडे शंभरावर शेड्स आहेत."

"मग त्यातली जी सगळ्यात म्हातारी असेल ती द्या!"

*

बबनराव पत्र्याच्या पट्ट्यांवर नमुने करून देत. दर वेळी अण्णांचं एकच. "शेवाळ वाटतंय. यात पिवळा जास्त आहे." बबनराव आणखी निळा घालत. सहा पट्ट्या झाल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तोंडी रंग मिळत नाही, सर. काहीतरी आणून दाखवा."

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मॅचिंग सेंटरला जा की! तिथे हिरव्याची भिंतच असते."

गेलो. दोन म्हातारे ब्लाउजपिसांच्या दुकानात!

"कुठल्या साडीवर हवंय, आजोबा?"

"मोटारसायकलवर," अण्णा म्हणाले.

दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मग ऐंशी सेंटिमीटरमध्ये नाही भागायचं."

अण्णांनी एक पीस निवडलं. दुकानदार त्यांना फुटपाथवर, उजेडात घेऊन गेला. "आजोबा, हा निळ्यात जातो हं."

"हिरवाच आहे," अण्णा म्हणाले.

मलाही तो निळाच दिसत होता. पण गाडी त्यांची, आठवण त्यांची. मी तेच पीस बबनरावांना नेऊन दिलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप स्वतःचे डोळे तपासून आलो. उत्तम होते!

*

गाडी वेळेत झाली. अण्णा तिच्यावरून हात फिरवून "हीच!" म्हणाले आणि शांतपणे ऑपरेशनला गेले. बाहेर बाकावर बसलो असताना एक नर्स कुणाला तरी सांगत होती, "मोतीबिंदूत सगळं पिवळट दिसतं. आता निळा कसा स्वच्छ दिसेल बघा." म्हणजे इतके दिवस अण्णांना निळाच हिरवा दिसत होता! रंगद्रव्यांवर डॉक्टरेट, आणि हे मला सुचलं नाही!

दुसराही डोळा झाल्यावर अण्णा पार्किंगमध्ये आले. काळा चष्मा काढला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी खांबाला टेकून उभा.

"अण्णा, रंग..."

"काय झालंय रंगाला? निळीच तर होती. मी उगाच हिरवी हिरवी करत बसलो."

माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलो, गाडी पहिल्यापासून निळी. त्या निळ्या गाडीवर अण्णांच्या मागे बसून मी कॉलेजला जायचो, तेसुद्धा मला लख्ख आठवायला लागलं.

*

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात टाकीवर चरा पडला, म्हणून बबनरावांकडे गेलो. जुन्या पट्ट्या शोधताना त्यांनी फळीवरून कागदात गुंडाळलेलं एक पत्र्याचं झाकण खाली काढलं. मी ते सकाळच्या उजेडात धरलं. गर्द हिरवं.

"हे कुठलं?"

"तुमच्याच गाडीचं. टूलबॉक्सचं मूळ झाकण. अण्णांना माळ्यावर सापडलं. ऑपरेशननंतर महिनाभराने घेऊन आले होते."

"मग तुम्ही रंग बदलला का नाहीत?"

"मी म्हटलं होतं, परत मारून देतो. तर म्हणाले, 'राहू द्या. आमच्या बाळला आता निळीच आठवते.'"