मैनाबाईंचे गुलाब आणि करडईतली वरात

केळापूरच्या मैनाबाईंच्या अंगणात गुलाबाच्या बुडाशी लसूण आहे, दोन झुडपांच्या मध्ये झेंडू आहे आणि कडेनं शेपू फुलायला सोडून दिलेला आहे. पहिल्यांदा येणारा माणूस थोडा वेळ बघतो आणि मग विचारतोच. शेजारच्या लालीबाईंनी सर्वांच्या आधी विचारलं होतं, "काहून वं मैना, गुलाबाले फोडनी देतं का?"

मैनाबाईंनी पन्नाशी ओलांडली आहे. शाळा सातवीपर्यंत. नवरा रामराव कापूस आणि तूर पिकवतो, मुलगा अमर पांढरकवड्यात मोटारी दुरुस्त करतो. गुलाबाची पहिली काडी त्यांनी वणीजवळच्या माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं आणली. आता अंगणभर गावठी गुलाब आहे. त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद होतो, येणारीजाणारी पोरं पाकळ्या सरळ तोंडात टाकतात, म्हणून फवारणीच्या पंपाला या अंगणात प्रवेश नाही. कळ्यांचा रस शोषणारा बारीक मावा दिसला की बोटांनी चिरडायचा, फार झाला तर रिठ्याचं पाणी मारायचं. लसणाचा वास माव्याला सहन होत नाही असं मैनाबाईंचं मत आहे. माव्याचं मत कोणी घेतलेलं नाही.

त्यांची खरी भिस्त कुंपणावरच्या वालावर. वालावर काळा मावा मुद्दाम चढू द्यायचा. तो खायला ढालकिडे येतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. तिथंच ते अंडी घालतात, आणि वाढलेलं खटलं मग गुलाबावरही जेवायला जातं. कपाशीच्या कडेनं चवळी लावतात, ती याच हिशोबानं.

यंदा मुलगी अर्पिताचं लग्न फेब्रुवारीत करायचं ठरलं. बैठकीत मैनाबाई बोलून गेल्या, की वरमाला घरच्या गुलाबाच्या होतील. यवतमाळच्या विहीणबाई, हंसाबाई, चष्मा सावरत म्हणाल्या, "बघा हं, आयत्या वेळी फजिती नको. नाहीतर आम्ही दुकानातून आणतो."

"घरचा हार नाई झाला, तं मी तुमची इहीनच नाई," मैनाबाईंनी सांगून टाकलं. बैठक हसली. मैनाबाई हसल्या नाहीत.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा रामरावांनी मांडवासाठी अंगण साफ केलं. माव्यानं काळवंडलेला वाल त्यांच्या डोळ्यांत खुपला. बायकोवर उपकार म्हणून त्यांनी तो मुळासकट उपटला आणि पेटवून दिला. मैनाबाई तेव्हा पत्रिका वाटायला वणीला गेल्या होत्या. दोन दिवसांनी परतल्या तर कुंपण मोकळं, आणि गुलाबाच्या कळ्यांच्या माना हिरव्या माव्यानं भरलेल्या.

"वाल कोनं उपटला?"

"म्या," रामराव खुशीत म्हणाले. "सारा मावा होता त्याच्यावर."

"अन् ढालकिडे?"

रामराव राखेकडे बघू लागले.

"कपाशीच्या कडेची चवळी उपटता का कधी? वावरात शायने अन् अंगनात येडे!"

रामराव पंप आणायला निघाले. त्यांना दारातच अडवण्यात आलं. घरात रिठे उरले नव्हते; मग मैनाबाईंनीच घाई केली. अमरला विहिरीवरची मोटार सुरू करायला लावून त्यांनी पाण्याचा जोरदार फवारा झाडांवर धरला. मावा गेला. त्याच्याबरोबर निम्म्या कळ्याही गेल्या. संध्याकाळपर्यंत उरलेल्या कळ्यांवर पुन्हा मावा चढू लागला होता.

दुसऱ्या दिवशी घरात बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. नातलग बायकांचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते. चहा फिरत असताना लालीबाई म्हणाल्या, "ढालकिडेच पायजे ना तुले? माह्या करडईत ये, मावाच मावा आहे. पसाभर घेऊन जा."

ही सूचना थट्टेची होती. मैनाबाई मात्र उठल्या, स्टीलचा डबा घेतला आणि निघाल्या. त्यांच्यामागे अर्पिता, अर्पितामागे मावशा, मावशांमागे डबे, बरण्या आणि एक किटली. गावच्या रस्त्यावरून ही मिरवणूक गेली तेव्हा पारावरच्या भीमसिंगांनी विचारलं, "कोनाची वरात आहे बाप्पा?"

"ढालकिड्याइची! नवरदेव आनाले चाललो," लालीबाई ओरडल्या.

करडईला काटे असतात हे सर्वांना माहीत होतं. नव्या बांगड्या घालून तिच्यात कोणी शिरलं नव्हतं. हात वर धरून चालावं तर किडा पकडता येत नाही, खाली करावे तर पदर अडकतो. एका मावशीची बांगडी कट्‌कन वाजली.

"फुटली वं माय!"

"फुटली म्हनू नये, वाढवली म्हन!"

"हिनं पन वाढवली!"

"वाढवा वाढवा, लगन आहे!"

काट्यात अडकलेल्या दोघींना सोडवताना तिसरी अडकली, आणि तिला सोडवायला गेलेल्या लालीबाई हसता हसता बांधावर बसल्या त्या उठेचनात. किटली मात्र भरली. परत येईपर्यंत अर्पिताच्या केसांतून, कानांतल्या डुलांवरून ढालकिडे हिंडत होते. ते सगळे मोजून-मापून, म्हणजे मुठीनं, झुडपांवर सोडले. अर्धे लगेच उडाले. बायकांनी त्यांना शिव्या दिल्या. उरलेले कामाला लागले, आणि मैनाबाई रोज सकाळी बोटांनी मावा चिरडत त्यांच्या जोडीला राहिल्या.

लग्नाच्या सकाळी फुलं मोजकीच निघाली. दोन हार झाले, त्यात झेंडूची भर न घालता. हंसाबाईंनी एक हार उजेडात धरला, चष्मा लावून पाकळ्या उलगडून पाहिल्या. मावा सापडला नाही. एक ढालकिडा सापडला. तो ऐटीत हारावरून त्यांच्या बोटावर आला.

"अगबाई! हा कोण?"

"आमच्याकडचा वऱ्हाडी आहे. जेवून आला," मैनाबाई म्हणाल्या.

हंसाबाईंनी हात झटकला नाही. हार पुन्हा एकदा वरखाली पाहून त्या म्हणाल्या, "जरा बारीकच झालाय हो, इहीनबाई."

मैनाबाईंनी बोहल्यावर उभ्या असलेल्या अक्षयकडे, म्हणजे होणाऱ्या जावयाकडे, नीट पाहून घेतलं.

"नवरदेव तरी कुठं जाड आहे?"

आधी हंसाबाईच हसल्या. हार त्यांनी स्वतः अर्पिताच्या हातात दिला.