मामाची बोटं

मामाला कारखान्यात सगळे बोटवाले म्हणतात. वीस वर्षं तो एकच गोष्ट बनवतोय, बोटात घालायच्या टोप्या. शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी टोपी, आत दाण्याएवढी मोटर. टोपी घालून काचेवर बोट फिरवलं की मोटर थरथरते आणि काच चक्क मखमल वाटते, नाहीतर खरखरीत दगड! थरथर किती ठेवायची हे मामा ठरवतो, स्वतःच्या बोटावर. मामी म्हणते, "हे माझ्या गालाला हात लावतात ना, तेही मापं घ्यायला!"

सोमवारी त्याने मला मदतीला बसवलं. तो डोळे मिटणार, मी त्याच्या बोटाखाली कापडाचे, पॉलिश पेपरचे तुकडे सरकवणार, त्याने ओळखायचं, मग टोपीतून तसंच वाटतंय का बघायचं. सगळे बरोबर! मी टाळ्याच वाजवणार होते, तेवढ्यात दिसलं, पापण्या अर्धवट उघड्या. मामा बघून सांगत होता.

मी सरळ माझा स्कार्फ त्याच्या डोळ्यांवर बांधला.

"अगं, काय पोरखेळ लावलायस!" तो हसला, पण कपाळावर घाम. मी सगळ्यात जाडाभरडा पॉलिश पेपर सरकवला.

"मखमल."

"नीट बघ ना मामा."

त्याने जोर देऊन बोट घासलं. "मखमलच गं." पेपरवर लाल रेघ उमटली होती.

मी पेपर ओढून घेतला. "कधीपासून हे?"

"वर्ष झालं असेल. मामीला बोलू नकोस हां. शुक्रवारी थरथर पक्की करायचीय, मग हजारो टोप्या निघणार. बोटं गेली म्हणालो तर माझ्या खुर्चीत दुसराच बसेल."

"पण टोप्यांनीच गेली ना बोटं? मग जे लोक त्या घालतील..."

"म्हणून तर तू हवीस."

मला कळायच्या आत टोपी माझ्या बोटात. त्याने बटण फिरवलं, झिणझिण्या थेट कोपरापर्यंत! मी किंचाळले. मामाने सॉरीपण म्हटलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं, बटण जरासं मागे घेतलं. "आता?"

उठून जायला हवं होतं मी. पण लिहायला मला मामानेच शिकवलं, हेच बोट धरून. बसले. चार दिवस बसले.

शुक्रवारी तो सही करायला गेला, खूप खूश होता. मी घरी शर्टाची बटणं लावत होते. एक सापडेचना. खाली बघितलं, तर ते माझ्या चिमटीतच होतं.