अठ्ठेचाळीस गाळून

आमच्या गावाला बेचाळीस साल फार आवडतं. तारा कुणी तोडल्या, भूमिगतांना भाकरी कुणी पोचवल्या, हे शाळेतलं पोरही छाती फुगवून सांगतं. अठ्ठेचाळीस मात्र कुणाला आठवत नाही. गांधीजींची हत्या झाली आणि आमच्या सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं पेटली. आमच्या गावातलीही पेटली. पेटवणारे काही परगावचे नव्हते.

मी सांगलीच्या एका कॉलेजात याच भागाचा इतिहास शिकवते. गेल्या यात्रेत गावानं मला भाषणाला बोलावलं. यात्रा कमिटीचे अध्यक्ष माझे चुलते, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे त्यांचंच घर. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बेचाळीसचं बोल, लय रंगव. अठ्ठेचाळीसचा इषय तेवढा काढू नगंस."

"का आबा?"

"ज्यांनी आगी लावल्या त्यांची नातवंडं हायती गावात. त्यास्नी काय वाटंल?"

"आणि ज्यांची घरं जळाली त्यांची नातवंडं?"

"ती कुठं हायती गावात?" आबा म्हणाले. मग आवाज चढवून, "काढलास इषय, तर माझ्या दारात येऊ नगंस."

मला संताप आला, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. पन्नाशी उलटली तरी बाईला माहेर तुटायला नको असतं. पण वर्षानुवर्षं मी पोरांना सांगत आले होते की सोयीचा तेवढाच इतिहास सांगणं हे पुढाऱ्यांचं काम. आता स्वतःच्या गावात शेपूट घालायचं, तर कशाला शिकवलं?

यात्रेच्या मांडवात आबांनी स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला. एवढा मान दिल्यावर पोरगी शब्दाबाहेर जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. पण सुभेदारसाहेब इथंच चुकले. आमच्याकडं फेटा बांधलेल्या पाहुण्याला भाषणाच्या मध्येच कुणी खाली बसवत नाही. त्यात पाहुण्यापेक्षा बांधणाऱ्याचीच शोभा होते.

बेचाळीसचं मी जीव ओतून सांगितलं, कारण तेही खरंच होतं. टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं. मग म्हटलं, "आपला भाग म्हणजे एका जातीचं गाणं नव्हे. यात पलटणीत गेलेले शेतकरी आहेत, सांगलीकडचे जैन आहेत, माधवनगरच्या गिरण्यांतले कामगार आहेत, सीमेवरचे कानडी बोलणारे आहेत. आणि अठ्ठेचाळीसला जे घरदार सोडून गेले, तेही आहेत. ती घरं आपणच जाळली."

मागून एक गडी ओरडला, "आवं बाई, म्होरचं बोला की!"

"हेच म्होरचं हाय," मी म्हणाले. आबा माईककडे येण्यासाठी उठले. सगळं गाव त्यांच्याकडे पाहू लागलं. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या फेट्याकडे पाहिलं, दातओठ खाल्ले आणि खाली बसले. कोण गेले, कुठं गेले, त्यांच्या जमिनींचं काय झालं, मला ठाऊक होतं तेवढं सगळं मी सांगितलं. शेवटी एकही टाळी पडली नाही. न पडू दे.

लोक उठून गेले. मंडपवाले खुर्च्या गोळा करायला लागले. आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढल्या वर्सी तुला बोलावनं न्हाई. दुसरा वक्ता आणू."

"आणा की," मी म्हणाले. "माहेरी यायला मला पत्रिका लागत न्हाई. तुम्ही दार लावलंत तर तुमच्या ओट्यावर बसीन, पण येणार. मांडवात म्होरंच सतरंजीवर बसीन. आणि तुमच्या वक्त्यानं बेचाळीसवरनं थेट नंतर निघालेल्या साखर कारखान्यावर उडी मारली, की उभी ऱ्हाऊन इचारीन, मधली घरं कुठं गेली?"