कडकताई नाव सांगत नाही

गावात इस्त्रीची दुकानं बरीच, पण घालणारा वाकला तरी कॉलर वाकणार नाही अशी इस्त्री एकाच दुकानात होते. म्हणून त्या बाईंना सगळे कडकताई म्हणतात. पाळण्यात ठेवलेलं नाव असेलच काहीतरी. ते विचारलं तर नवऱ्यालाही दोन मिनिटं डोकं खाजवावं लागतं. हा नवरा स्कूटरवरून घरोघर कपडे पोचवतो आणि कुठल्याही वळणावर ब्रेकला हात लावत नाही, म्हणून तो पायलट. दुकानात हुकूम ताईचा चालतो, रस्त्यावर त्याचा.

लाँड्रीवालीला माणसाची जेवढी माहिती असते तेवढी डॉक्टरला नसते. डॉक्टरला माणूस दुखतं तेवढंच सांगतो. चादर सगळं सांगते. दोन उशांच्या अभ्र्यांपैकी एकच हल्ली मळतो, पडदा उसवून उलट्या बाजूने शिवलाय, साहेबांच्या नव्या शर्टाच्या आत जुनाच बनियन जाळी होऊन लटकतोय. ताईला हे सगळं दिसतं. आणि ताई कोणाला काही सांगत नाही, हे गल्लीचं मोठंच दुर्दैव. बायाबापड्यांनी प्रयत्न कमी केले नाहीत.

"ताई, त्या कोपऱ्यावरच्या नव्या सुनेचं काय गं?"

"तिचं? उद्या संध्याकाळी मिळेल."

"काय मिळेल?"

"कपडे."

झालं! पिशवी उचलायची आणि घरी जायचं.

याच गुणावर सेवा क्लबाने तिला हेरलं. आपल्या गावचा क्लब तसा कामाचा. डोळे तपासणीचं शिबिर भरवतो, रक्तदान करवतो, बसथांब्यावर बाकडी टाकतो, आजाऱ्यांना कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या देतो. फक्त पूर्वी त्याला फोटोचा भारी सोस होता. घोंगडी एक असायची आणि तिला धरलेले हात अकरा. घेणारा माणूस फोटोत शोधावा लागायचा. क्लबातला ड्रायव्हिंग स्कूलवाला तर कॅमेरा असा चालवायचा, की समोरच्याला आपण भिंतीला धडकणार असंच वाटावं.

या सोसापायी शिकवणीच्या बाईंचं प्रकरण झालं. अर्ध्या गावाला गुणाकार-भागाकार शिकवलेल्या या बाई. त्यांच्या यजमानांचे पाय गेले तेव्हा क्लबाने चाकाची खुर्ची दिली. "फोटो नको," असं बाई दोनदा म्हणाल्या. तरी चौकात हा एवढा फलक लागला. त्यावर बाईंचा हात पुढे पसरलेला, आणि मागे क्लबाचे सगळे दात. बाईंनी खुर्ची धुऊन, पुसून परत पाठवली. यजमान असेपर्यंत जुने विद्यार्थी त्यांना उचलून पायऱ्या उतरवत. फलक मात्र पाऊस लागेपर्यंत चौकात होता, आणि बाजारात जायला बाई तोवर लांबच्या रस्त्याने जात.

म्हणून क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे औषधाच्या दुकानवाले, ताईला सभासद करून घ्यायला आले तेव्हा ताईने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "येते. पण कोणाला मदत करायची ते मी शोधणार, आणि त्याचं नाव कोणाला सांगणार नाही. तुम्हालासुद्धा नाही. फोटो नाही, फलक नाही."

"अहो ताई, नाव न सांगता काम कसं करायचं?"

"हात असतात ना तुम्हाला? हातांनी करायचं."

अध्यक्षांचे शर्ट त्या वेळी तिच्याच कपाटात होते. नियम मंजूर झाला.

मग पद्धत ठरली. घराबाहेरचं काम असेल, म्हणजे रंग, गिलावा, तुटकं फाटक, तर ताई सकाळी त्या फाटकाला कपडे वाळत घालायचा पिवळा चिमटा लावून जायची. दुकानातले बाकीचे चिमटे पांढरे. पिवळे फक्त क्लबाचे. घरच्या माणसाला ताई काहीतरी निमित्त काढून बाहेर न्यायची. सभासद यायचे, गल्लीत पिवळा चिमटा शोधायचे, काम उरकायचे, चिमटा खिशात घालून पसार. घरवाला परतून चकित झाला की त्याला सांगायचं, "दुसरीकडचा रंग उरला होता हो, वाळून जाण्यापेक्षा लावला." या क्लबाकडे रंग कायम उरलेलाच असायचा. गावाला हे कळत होतं, पण कोणाचं घर गरजेपोटी आणि कोणाचं खरंच उरल्यामुळे, ते ओळखता येत नव्हतं. तीच तर गंमत होती.

आता शिकवणीच्या बाईंच्या चादरीच्या घडीत चुन्याचे पोपडे सापडायला लागले. पहिल्यांदा चिमूटभर, मग मूठभर. ओल आतपर्यंत आली होती. पोरं भिंतीपासून सरकून बसतात आणि दोघांच्या आयांनी "वास येतो" म्हणून शिकवणी बंद केली, एवढं ताईला पोरांच्याच गणवेशांबरोबर कळलं. शिकवणी बंद पडली तर बाईंच्या घरात दिवसभर आवाज म्हणून उरला नसता.

रविवार ठरला. ताईने बाईंच्या फाटकाला चिमटा लावला आणि त्यांना घेऊन डोळ्यांच्या शिबिराला गेली. बाईंनी डॉक्टरांना तक्त्यावरची अक्षरं वाचून दाखवली, वर "हे अक्षर तुमच्या माणसाने वाकडं छापलंय" असंही ऐकवलं. दोघी हसत-बोलत परतल्या.

बाईंचं घर जसंच्या तसं होतं. काळपट, पोपडे धरलेलं. आणि एका सामाईक भिंतीने त्याला जोडलेलं शेजारचं घर मात्र सायीसारखं चमकत होतं. शिडीवर ड्रायव्हिंग स्कूलवाला शेवटचा हात मारत होता.

"अगं बाई," बाई म्हणाल्या, "शेजाऱ्यांनी रंगकाम काढलं वाटतं! छान केलं हो."

ताईला मात्र त्यात छान काही दिसेना. कारण शेजारी म्हणजे हरकतराव.

हरकतराव कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. जन्मभर साहेबांच्या हरकती लिहून घेतल्या, आता स्वतःच्या घेतात. बाकड्याला हरकत, भोंग्याला हरकत, समोरच्या मांजराला हरकत. त्यात ते वाचनालयाचे कार्यवाह, आणि क्लबाच्या बैठका वाचनालयाच्याच मागच्या खोलीत भरायच्या. दोन दिवस ते मुलीकडे गेले होते आणि दुपारी परतणार होते. ते आल्या आल्या कपडे मिळावेत म्हणून पायलटने सकाळीच त्यांचा कोट फाटकाला अडकवला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून चिमटा लावला होता. पांढरे संपले होते.

"पिवळाच मिळाला तुला?" ताईने दातओठ खात विचारलं.

"रंग काय बघायचा चिमट्याचा? धरतो ना घट्ट!" पायलट म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून हळूच म्हणाला, "फार घट्ट धरलं का?"

सभासद गल्लीच्या ज्या टोकाने आत शिरले त्या टोकाला हरकतरावांचं घर आधी लागतं. पहिला चिमटा दिसला आणि त्यांनी ब्रश काढले. दुसऱ्या चिमट्यापर्यंत कोणाची नजर गेलीच नाही. तो ताईने गुपचूप काढून कमरेला खोचला.

हरकतराव आले. त्यांनी घर पाहिलं, कोट पाहिला. कोटाच्या बाहीवर सायीचे थेंब. गल्ली खिडक्यांतून बाहेर आली.

"साहेब, रंग उरला होता," शिडीवरून आवाज आला.

"अख्ख्या घराला पुरेल एवढा उरला? मग लागणार होता तो कोणाला?"

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची गाडी तिथेच बंद पडली.

"म्हणजे हे गरजूंचं काम," हरकतराव म्हणाले. "मी गरजू आहे का? तसं कोणी ठरवलं? आणि मी नसेन, तर मग कोण आहे? गुरुवारच्या बैठकीत मला नाव पाहिजे. नाहीतर वाचनालयाची खोली विसरा."

चार दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. कोणाच्या भिंती वाईट आहेत ते बघत लोक उगाच गल्लीतून चकरा मारायला लागले. घाईने बाईंचं घर रंगवून टाकायचीही सोय उरली नाही. आता ज्या घराला ब्रश लागेल तेच ते घर, असं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. बाईंना पुन्हा लांबच्या रस्त्याने बाजारात जायला लागलं असतं, आणि या वेळी ती वेळ ताईने आणलेली असती.

बुधवारी अध्यक्ष दुकानात आले. पुड्या बांधून बांधून त्यांना सगळं छोटं करून सांगायची सवय.

"ताई, एक सोपा उपाय आहे. घर हरकतरावांचंच ठरलं होतं, असं सांगा. ते तसेही चिडलेलेच आहेत. थोडे जास्त चिडतील."

"म्हणजे एकाची अब्रू झाकायला दुसऱ्याची दोरीवर वाळत घालायची?" ताईने शर्टावर पाणी शिंपडलं. "तेही माझं गिऱ्हाईक आहे."

"मग खोली जाईल."

"जाऊ दे. बैठक इथे भरवू. टेबल मोठं आहे. फक्त हात कुठे ठेवताय ते बघा."

गुरुवारी मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सभासद होते त्याच्या दुप्पट बघे. हरकतराव कोट न घालता आले होते, हीसुद्धा हरकतच. ताई उठली. घसा खाकरला नाही, पदर सावरला नाही.

"चिमटा माझ्या दुकानातला, चूक माझ्या घरची. कोट मी माझ्या हाताने साफ केलाय, डाग शिल्लक असेल तर नवा शिवून देईन. भिंत पूर्वीसारखी हवी असेल तर तीही करून देऊ."

"ते राहू दे. नाव?"

"नाव मिळणार नाही."

"क्लबाची खोली जाते आहे, बाई."

"ऐकलं मी."

"तुमचं सभासदपदही जाईल."

"पद घ्या. नाव पदाबरोबर येत नाही, ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो ताई, आपल्यातच राहील!" सगळी खोली हसली, कारण ते म्हणणाऱ्याच्या तोंडात साधी शिंकही राहत नाही. ताई हसली नाही. उभी राहिली. अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि मग चक्क म्हणाले, "नियम क्लबाचा आहे. खोली घ्या, साहेब." त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोठं करून सांगितलं.

हरकतरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग उठले.

"ठीक आहे. ती हरकत मागे. आता माझी दुसरी हरकत."

खोलीने एकदम उसासा टाकला.

"तुम्ही माझ्या भिंतीला रंग दिला. चांगला दिला. पण माझी आणि शेजारच्या बाईंची भिंत एकच आहे. पलीकडून ओल येते. पलीकडची बाजू नीट केल्याशिवाय हा रंग टिकणार नाही. हे काम अर्धवट आहे, आणि अर्धवट काम मी खपवून घेणार नाही. क्लबाने माझ्या भिंतीची पलीकडची बाजू खरवडून, गिलावा करून, रंगवून द्यावी. आतूनही आणि बाहेरूनही. बाईंची परवानगी मी स्वतः काढतो. त्यांना त्रास होईल, पण माझ्यासाठी त्यांनी तो सोसावा अशी मी त्यांना विनंती करणार आहे."

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला. अध्यक्षांनी तो हात धरून खाली ठेवला.

बाहेर पडताना ताईने हरकतरावांना गाठलं. "तुम्हाला रविवारीच कळलं होतं ना? भिंत तुमचीही आहे."

"कळलं होतं."

"मग चार दिवस माझा जीव कशाला टांगणीला लावलात?"

हरकतरावांनी चप्पल पायात सरकवली. "माझ्याही चादरी तुमच्याकडेच येतात," ते म्हणाले आणि चालायला लागले.

काय असतं त्या चादरींत? विचारा की ताईला. उद्या संध्याकाळी मिळेल म्हणून सांगेल.

बाईंनी परवानगी दिली, पण अटींवर. चपला बाहेर. रंग त्या निवडणार. शिकवणीच्या वेळेत ठोकाठोक नाही. पहिल्या दिवशी गिलावा तिरका गेला म्हणून क्लबाच्या उपाध्यक्षांना त्यांनी पट्टी घेऊन परत करायला लावला, आणि पोरं पोट धरून हसली. हरकतराव रोज येऊन दारातूनच "त्रास देतोय हो बाई" म्हणायचे आणि बाई "असू दे, शेजारधर्म आहे" म्हणायच्या. शिकवणी सोडलेली दोन्ही पोरं परत आली.

भिंत वाळल्यावर बाई चादरी घेऊन दुकानात आल्या. ताई टेबलाशी होती, पायलट स्कूटरवर गठ्ठे बांधत होता.

"काय सांगू तुला," बाई म्हणाल्या, "त्या हरकतरावांसाठी अख्खा आठवडा घर उलथंपालथं करून दिलं मी. कोणी दिलं असतं?"

"कोणी नसतं दिलं," ताई म्हणाली.

"त्यांच्या नाकाचा शेंडा बघ, आता कसा खाली आलाय. नमस्कार करतात मला."

पायलट काहीतरी बोलायला वळला. ताईने गरम इस्त्री त्याच्या दिशेने नुसती उचलली. त्याने किक मारली आणि तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला.

"तुझ्या क्लबाचंही काम झालं की त्यात," बाई म्हणाल्या. "पुढे कधी अडलंनडलं तर सांग. मी आहे."

"सांगेन," ताई म्हणाली आणि चादर झटकली. एक कणही पडला नाही.